रस्त्याच्या मापाची होडी

अमेरिकेत कुटुंबाने सुट्टीच्या दिवशी फिरायला वापरायची मोटारबोट सतरा फुटांची असो की चोवीस फुटांची, तिची रुंदी आठ फूट सहा इंचांच्या पुढे सहसा जात नाही. हे माप लाटांनी घालून दिलेले नाही. हमरस्त्यावरून विशेष परवान्याशिवाय जाणाऱ्या वाहनाची ती कमाल रुंदी आहे. चाकांच्या सांगाड्यावर, म्हणजे ट्रेलरवर, घालून गाडीमागे ओढत न्यायची, तळ्यात दिवसभर फिरवायची आणि संध्याकाळी घरच्या गॅरेजात आणून ठेवायची अशी ही होडी दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मध्यमवर्गाच्या घरात आली. तेव्हापासून दर पिढीच्या गिऱ्हाइकापुढे दोन होड्या उभ्या राहिल्या आणि त्यांतली एक निवडायची वेळ आली. लाकडी घ्यायची की धातूची, सपाट तळाची की खोल तळाची, इंजिन बाहेर टांगलेली की आत बसवलेली, असे प्रश्न बदलत गेले. निकाल मात्र बहुतेक वेळा पाण्यापेक्षा रस्त्यावरच लागला.

गंमत अशी, की गाडीत आधी होडीचे सुटे इंजिन बसले. होडी तिच्यामागे फार उशिरा लागली. होडीच्या मागच्या फळीला शिकंज्याने अडकवायचे सुटे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने १९०६–०७ च्या सुमारास विकायला सुरुवात केली होती. पण ते घरोघर पोचवले नॉर्वेत जन्मलेल्या आणि विस्कॉन्सिन राज्यात वाढलेल्या ओले एव्हिनरूडने. १९०६ च्या उन्हाळ्यात ओकॉची तळ्याकाठी सहलीला गेलेला ओले बेस कॅरीसाठी आइसक्रीम आणायला वल्ही मारत पलीकडच्या काठाला गेला आणि परत येईतो ते वितळून गेले, अशी कथा सांगतात. इंजिनाची कल्पना त्याला त्या घामाघूम अवस्थेत सुचली म्हणे. कथेला नंतर पॉलिश चढले असणार, परंतु १९०९ मध्ये मिलवॉकीत तयार झालेले इंजिन खरे होते: दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड म्हणजे सुमारे २८ किलो, किंमत ६२ डॉलर. तोवर बेसशी त्याचे लग्न झाले होते. धंद्याचा पत्रव्यवहार ती पाहत असे आणि वल्ही फेकून द्या असे लोकांना सांगणारी जाहिरातही तिचीच. १९२० नंतर ओलेने ॲल्युमिनियम वापरून पन्नास पौंडांच्या आतले दोन सिलिंडरचे इंजिन काढले. ते एका माणसाला उचलून गाडीच्या मागच्या कप्प्यात ठेवता येई.

त्या काळचा रिवाज असा होता, की होड्या तळ्याकाठीच असत. भाड्याने होड्या देणारे धंदेवाले लाकडी वल्ह्यांच्या होड्या किनाऱ्याला ओळीने बांधून ठेवत. शहरातला माणूस शनिवारी स्वतःचे इंजिन घेऊन येई, भाड्याच्या होडीला ते अडकवी, दिवसभर मासे धरी आणि संध्याकाळी इंजिन काढून परत नेई. स्वतःची होडी असणे म्हणजे तळ्याकाठी घर असणे किंवा धक्क्यावर जागा भाड्याने घेणे, आणि हे दोन्ही श्रीमंतांचे काम होते. मिशिगनमधल्या अल्गोनॅकला तयार होणाऱ्या क्रिस-क्राफ्टच्या चकचकीत महोगनी बोटी याच वर्गासाठी होत्या.

ट्रेलर माहीत नव्हता असे नाही. अडचण होडीच्या लाकडाची होती. फळीला फळी लावून बांधलेली होडी पाण्यातच निरोगी राहते. फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि सांधे आपोआप मिटतात. तीच होडी आठवडाभर उन्हात चाकांवर ठेवली की फळ्या आकसतात आणि रविवारी पाण्यात घातली की तळातून पाणी येऊ लागते. पावसाळाभर वर ओढून ठेवलेल्या होडीच्या फटी बुजवल्याशिवाय आणि तिला तेल पाजल्याशिवाय ती पाण्यात घालू नये, हे कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वर्षातून एकदा करायचे हे काम दर रविवारी करायला कोणी तयार होणार नाही. शिवाय रस्त्याचे धक्के आणि ट्रेलरच्या दोन-चार टेकूंवर एकवटणारे वजन या दोन्हींनी सांधे सैल होत. थोडक्यात, ट्रेलरवर राहू शकेल अशी होडी आधी वेगळ्या पदार्थाची असायला हवी होती.

युद्धाने असे तीन पदार्थ हाती दिले. पाण्यात न सुटणाऱ्या सरसाचे प्लायवुड हा पहिला. त्याचे मोठे तक्ते वापरले की सांधेच कमी होत. क्रिस-क्राफ्टसारख्या खानदानी कंपनीनेही १९५० च्या दशकात प्लायवुडचे कापलेले तुकडे पेटीत भरून विकले, आणि कितीतरी बापांनी हिवाळ्यात तळघरात बसून मुलांच्या मदतीने होडी जोडली. दुसरा पदार्थ ॲल्युमिनियम. लढाऊ विमाने बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीतल्या एका अधिकाऱ्याला जंगलातल्या सहलीत लाकूड-कापडाची जड होडी खांद्यावरून वाहून वैताग आला. विमानाच्या पत्र्याची होडी करण्याचा विचार त्यातून निघाला, आणि युद्ध संपता संपता कंपनीने ती बाजारात आणली. पुढच्या चार-पाच वर्षांत मिनेसोटा राज्यात पत्र्याच्या होड्यांचे अनेक कारखाने उभे राहिले. अल्युमाक्राफ्ट, क्रेस्टलाइनर, लुंड ही नावे तेव्हाची. तिसरा पदार्थ फायबरग्लास, म्हणजे काचेच्या तंतूंचे कापड आणि पॉलिएस्टर राळ. ओहायोतल्या टोलेडोच्या रे ग्रीनने १९४२ मध्ये त्याची छोटी होडी केली होती. साच्यात कापड अंथरायचे, राळ ओतायची आणि घट्ट झाले की एकसंध कवच बाहेर काढायचे. या पद्धतीत सांधा नाही, म्हणून गळती नाही. होडी वर्षभर उन्हात राहिली तरी बिघडत नाही. साच्याला गोलाई सरळ रेषेइतकीच सोपी जाते, त्यामुळे १९५० च्या दशकाच्या अखेरीस या होड्यांना मोटारगाड्यांसारखे माशाच्या शेपटीचे पंखही फुटले. ते पाण्यात काडीच्या उपयोगाचे नव्हते. पण गाडीमागे ओढताना दोन्ही जुळून दिसत, आणि विकत घेणाऱ्याला तेच हवे होते.

१९५० च्या आसपासच्या गिऱ्हाइकापुढची निवड अशी पत्रा आणि फायबरग्लास यांच्यातली झाली. पत्र्याची होडी हलकी, स्वस्त, दगडावर आपटली तर पोचा पडेल पण फुटणार नाही. मात्र लाटेवर ती डब्यासारखी वाजते आणि काही वर्षांनी रिव्हेट ढिले होऊन झिरपू लागते. फायबरग्लासची होडी जड, महाग, पण शांत आणि देखणी. मासे धरणाऱ्याने पत्रा घेतला आणि बायको-मुलांना फिरवणाऱ्याने फायबरग्लास. ही वाटणी आजही बरीचशी तशीच आहे. ओहायोतल्या सँडस्कीचे लायमन यांनी मात्र फळीवर फळी चढवलेल्या लाकडी होड्या आणखी बरीच वर्षे विकल्या. इरी सरोवर पंचमहासरोवरांत सर्वांत उथळ. तिथे वारा उठला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि त्या पाण्यावर लायमनची होडी फार मऊ चालते असा तिचा लौकिक होता.

होडी गाडीमागे लागली, तरी ती उतरवायला पाणी जवळ हवे. ते सरकारने पुरवले, आणि तेही भलत्याच कारणासाठी. पूरनियंत्रण, वीज आणि सिंचन यांसाठी बांधलेल्या धरणांनी समुद्रापासून हजार-हजार मैल दूर अफाट जलाशय तयार केले. मिसुरीत बॅग्नेल धरणाने ओझार्क तळे केले ते १९३१ मध्ये. कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणामागे मीड सरोवर १९३० च्या दशकाच्या मध्यात भरू लागले. टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या सीमेवर टेक्सोमा १९४४ मध्ये आले आणि युटा-ॲरिझोनाच्या वाळवंटात पॉवेल सरोवर १९६३ पासून भरू लागले. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने लष्कराच्या अभियंता विभागाला या जलाशयांवर करमणुकीच्या सोयी करण्याची मुभा दिली. पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार, त्याच्याशेजारी लाकडी धक्का आणि मागे ट्रेलर उभे करायला मैदान, ही त्यांतली सर्वांत साधी आणि सर्वांत परिणामकारक सोय. पुढे १९८४ च्या कायद्याने बोटींच्या पेट्रोलवरच्या करातला ठराविक हिस्सा याच उतारांसाठी राखून ठेवला. ओक्लाहोमातल्या ज्या शेतकऱ्याच्या आजोबाने तळे म्हणून गुरांची डबकी पाहिली होती, त्याच्या अंगणात १९६० पर्यंत मोटारबोट उभी होती. या सगळ्या इतिहासात सर्वांत कमी लिहिले गेले आहे ते या काँक्रीटच्या उताराबद्दल, आणि खरे तर तो नसता तर बाकीचे काहीच झाले नसते.

इंजिनांची ताकदही त्याच वेगाने वाढत होती. १९४९ मध्ये जॉन्सन कंपनीच्या दहा अश्वशक्तीच्या इंजिनाला पुढे-मागे जाण्याचा गिअर आणि वेगळी पेट्रोलटाकी मिळाली. त्याआधी दोरी ओढून इंजिन सुरू झाले की होडी लगेच धावू लागे आणि धक्क्यापाशी नवशिक्याची भंबेरी उडे. ताकदीची हाव वाढवली ती मात्र पाण्यावर घसरण्याच्या खेळाने. मिनेसोटातल्या लेक सिटीच्या अठरा वर्षांच्या राल्फ सॅम्युअलसनने १९२२ मध्ये पेपिन तळ्यावर लाकडी पट्ट्या पायांना बांधून होडीमागे घसरून दाखवले होते. युद्धानंतर हा खेळ कुटुंबाचा झाला, आणि माणसाला पाण्याबाहेर खेचून काढायचे तर दहा अश्वशक्ती पुरत नाही. १९५७ मध्ये कार्ल कीकहेफरच्या मर्क्युरीने सहा सिलिंडरचे साठ अश्वशक्तीचे आउटबोर्ड आणले. पुढच्या वर्षी एव्हिनरूड-जॉन्सनने पन्नास अश्वशक्तीचे इंजिन आणून उत्तर दिले. १९५८ मध्येच संघराज्याच्या कायद्याने दहा अश्वशक्तींवरच्या होड्यांना गाड्यांसारखा नोंदणी क्रमांक लावायला सांगितले.

याच सुमाराला, १९५८ ते १९६१ या चार वर्षांत, पुढची अनेक वर्षे पुरलेली निवड तयार झाली. होडीच्या तळाचे दोन प्रकार आणि इंजिन बसवण्याची नवी रीत असा हा तिढा आहे. आश्चर्य म्हणजे तळाचे दोन्ही प्रकार एकाच माणसाच्या हातचे होते: मॅसॅच्युसेट्सचा रे हंट.

पहिला प्रकार तीन तळांचा. कॅनडात जन्मलेल्या अल्बर्ट हिकमनने १९१० च्या दशकात उलट्या व्ही आकाराची, दोन धावांची होडी केली होती. ती फार स्थिर होती, पण मधल्या पोकळीतून आलेली हवा पंख्याला जाऊन भिडे आणि पंखा मोकळा फिरे. डिक फिशर नावाच्या कारखानदारासाठी हंटने तसाच तळ घेतला आणि अडचण सोडवायला मधोमध तिसरा लहान तळ घातला. तेरा फुटांची ही होडी १९५८ मध्ये बोस्टन व्हेलर या नावाने विकायला आली. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या कवचामध्ये फेस ओतून घट्ट केला होता, त्यामुळे ती बुडतच नसे. १९६१ मध्ये लाइफ साप्ताहिकात तिची छायाचित्रे आली: फिशर होडीत बसलेला आहे, होडी मधोमध करवतीने कापली जाते आहे, आणि मग तो मागच्या अर्ध्या तुकड्यात बसून इंजिनावर निघून जातो. होडी विकण्यासाठी इतकी बोलकी जाहिरात नंतर कोणाला जमलेली नाही. तीन तळांमुळे होडीचे पुढचे टोक, म्हणजे नाळ, निमुळते न राहता जवळजवळ चौकोनी होते. उभी असताना ती डोलत नाही. एका काठावर तीन माणसे जाऊन उभी राहिली तरी फारशी कलत नाही. दोष एकच, पण मोठा. लाट फूटभर झाली की तिचा रुंद तळ प्रत्येक लाटेवर थापटतो आणि आतल्या माणसांचे मणके बोलू लागतात.

दुसरा प्रकार खोल व्हीचा. १९५८ मध्ये न्यूपोर्टला अमेरिका कप शिडांच्या शर्यतीच्या वेळी फ्लोरिडाचा बोटविक्रेता डिक बर्ट्रमने हंटची एक लहान मोटारबोट खवळलेल्या पाण्यावरून सहज धावताना पाहिली. तोपर्यंतच्या वेगवान होड्यांचा तळ पुढे टोकदार असे, पण मागे सपाट होत जाई. हंटने व्हीचा उतार पार मागच्या फळीपर्यंत, सुमारे २४ अंशांचा, तसाच ठेवला होता, आणि लांबीने बारीक पट्ट्या बसवून होडी पाण्यावर उचलली जाईल अशी सोय केली होती. बर्ट्रमने त्याच घाटाची ३१ फुटांची होडी करवून घेतली, पत्नीच्या लाडक्या नावावरून तिचे नाव ‘मॉपी’ ठेवले आणि १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत उतरवली. समुद्र खवळलेला होता. मॉपीने सुमारे आठ तासांत शर्यत मारली. दुसऱ्या क्रमांकावर हंटच्याच घाटाची, तिच्याहून बरीच लहान होडी आली. बाकीच्या होड्या फार मागे राहिल्या. हंटचा या तळावरचा पेटंटचा दावा टिकला नाही, त्यामुळे दोन-तीन वर्षांत देशातला प्रत्येक कारखाना आपापला खोल व्ही काढू लागला.

दुसऱ्या आलेल्या होडीचा चालक होता जिम विन, आणि तिच्यातली इंजिने हा या गोष्टीचा तिसरा धागा. विन पूर्वी कीकहेफरकडे अभियंता होता. होडीच्या पोटात, मागच्या फळीला चिकटून, मोटारगाडीचे इंजिन बसवायचे आणि फळीतून बाहेर आउटबोर्डसारखाच वळणारा, वर उचलता येणारा पाय काढायचा, ही रचना त्याने चार्ली स्ट्रँगबरोबर आखली. स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटाने ती घेतली आणि १९५९ च्या न्यूयॉर्क बोटप्रदर्शनात ‘ॲक्वामॅटिक’ या नावाने मांडली. १९६१ मध्ये कीकहेफरने मर्क्रूझर आणून तोच रस्ता धरला, आणि लवकरच शेवरोले गाड्यांची इंजिने त्याच्या होड्यांत जाऊ लागली. या रचनेला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. त्या काळचे आउटबोर्ड दोन फेऱ्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक, होते. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, धूर होई, आणि पेट्रोल भसाभस जाई. गाडीचे चार फेऱ्यांचे इंजिन शांत चाले, कमी पेट्रोल खाई, आणि त्याची दुरुस्ती गावच्या मोटार मेकॅनिकला येत असे.

मग १९६८ च्या सुमाराला एखादे चौकोनी कुटुंब, नवराबायको आणि दोन मुले, दुकानात गेले की त्यांच्यापुढे ठरलेल्या दोन होड्या असत. एक सोळा-सतरा फुटांची, तीन तळांची, मागे आउटबोर्ड टांगलेली. दुसरी अठरा-एकोणीस फुटांची, खोल व्हीची, पोटात स्टर्नड्राइव्ह. पहिलीच्या चौकोनी नाळेत पुढेही बाके बसवता येत, म्हणून मुलांना तिथे वाऱ्यात बसायला मिळे. उघड्या नाळेची ही पद्धत पुढे इतकी रुजली की व्ही तळाच्या होड्यांनीही ती उचलली. दुसरीत मागे पोहायला उतरण्याची सपाट फळी मिळे, कारण तिथे इंजिन आड येत नसे. पण इंजिनाच्या पेटीने आतली निम्मी मागची जागा खाल्लेली असे.

दुकानदार सांगत नसे त्या गोष्टी वेगळ्याच होत्या. पोटातल्या इंजिनाची पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते. सुरू करण्याआधी पंखा लावून ती बाहेर न काढल्यास स्फोट होऊ शकतो. पाय जिथून बाहेर येतो तिथला रबरी भाता फाटला की होडी धक्क्याला बांधल्या बांधल्या बुडते. विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या थंडीत इंजिनात पाणी राहून गेले, तर ते गोठून बिडाचा ठोकळा तडकतो. आउटबोर्ड उभे ठेवले की त्यातले पाणी आपोआप निथळून जाते. १९७१ च्या बोटसुरक्षा कायद्याखाली पुढे जे नियम झाले, त्यांनी हा फरक आणखी ठळक केला. वीस फुटांखालची आउटबोर्ड होडी पाण्याने भरली तरी सपाट तरंगली पाहिजे असे त्यांनी ठरवले. स्टर्नड्राइव्हच्या होडीचा कुठला तरी भाग वर राहिला तरी चालणार होते. बुडत्या होडीला धरून राहायचे असेल तर हा फरक लहान नाही.

आणि दोन्हींचा खरा न्याय ट्रेलर करत असे. होडीची लांबी दीडपट केली की वजन दीडपट होत नाही, तिपटीच्या आसपास जाते. कारण रुंदी आणि खोलीही वाढतात. सतरा फुटांची आउटबोर्ड होडी ट्रेलर धरून टनाच्या आसपास बसे आणि साधी घरगुती गाडी ती ओढी. एकोणीस फुटांची स्टर्नड्राइव्ह दीड टनाकडे जाई. तिच्यासाठी मोठी स्टेशन वॅगन किंवा पिकअप लागे, ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक लागत, आणि ओल्या, शेवाळलेल्या उतारावर मागची चाके जागच्या जागी फिरू लागत. खोल व्हीची होडी ट्रेलरवर उंच बसते, म्हणून ती तरंगायला ट्रेलर जास्त खोल न्यावा लागतो. दूरवरून तापून आलेली चाकांची बेअरिंगे थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि पाणी शोषले जाते. त्यामुळे ग्रीस बिघडून रस्त्याच्या कडेला अडकून पडलेले बोटवाले हे त्या काळच्या उन्हाळ्यातले नित्याचे दृश्य होते. घराच्या गॅरेजची खोली वीस-बावीस फूट आणि दाराची उंची सात फूट. ट्रेलरच्या दांड्यासकट एकोणीस फुटांची होडी त्यात मावत नाही. ती अंगणात उभी करावी तर कितीतरी वसाहतींच्या नियमांत त्याला बंदी. ओझार्कच्या शांत पाण्यावर जाणाऱ्याने तीन तळांची होडी घ्यावी आणि इरीच्या काठी राहणाऱ्याने व्हीची, हा सल्ला बरोबर होता. पण प्रत्यक्षात पाण्याकडे पाहण्याआधी लोकांनी आपली गाडी आणि गॅरेज पाहिले.

तीन तळांची होडी अखेर हरली. कारखान्यांनी व्हीचा उतार थोडा कमी करून, १८ ते २० अंशांवर आणून, मधला मार्ग काढला. त्याने थापटणे कमी आणि डोलणेही बेताचे झाले. १९८० उजाडेपर्यंत चौकोनी नाळ जुनाट दिसू लागली. दरम्यान पेट्रोलटंचाईनंतर गाड्या लहान आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या झाल्या होत्या, आणि त्या जड होड्या ओढू शकत नव्हत्या. सिएटलजवळच्या बेलायनर कंपनीने ही नाडी ओळखली. होडी, इंजिन आणि ट्रेलर एकत्र, एकाच किमतीला, एकाच कर्जाच्या हप्त्यावर, असा तिचा सौदा होता. जुन्या बोटवाल्यांनी पातळ कवच आणि स्वस्त सामान म्हणून नाक मुरडले. टीका खोटी नव्हती, पण ज्यांनी पूर्वी कधी होडी घेतली नव्हती अशा लोकांना या गठ्ठ्यानेच तळ्यावर आणले. मर्क्युरी आधीच विकत घेतलेल्या ब्रन्सविक कंपनीने १९८६ मध्ये बेलायनर आणि सी रे या दोन्ही कंपन्या घेतल्या, आणि इंजिन करणारा व होडी करणारा असा भेद मोठ्या प्रमाणावर संपला.

त्याच दशकातले दोन कायदे होड्यांसाठी केलेले नव्हते, तरी होड्यांचा आकार त्यांनीच बदलला. आंतरराज्य महामार्गांच्या १९५६ च्या कायद्यात वाहनाची कमाल रुंदी ९६ इंच, म्हणजे आठ फूट होती. १९८२ मध्ये मालमोटारींच्या सोयीसाठी ती १०२ इंच झाली. राज्यांनी हळूहळू हे माप स्वीकारले आणि होड्या सहा इंचांनी फुगल्या. सहा इंच क्षुल्लक वाटतात, पण वीस फुटी होडीत ते मधल्या वाटेचे माप असते. दुसरा कायदा १९८६ चा करसुधारणेचा. साध्या ग्राहककर्जावरच्या व्याजाची सवलत त्याने मोडीत काढली, दुसऱ्या घराच्या कर्जाची ठेवली. आणि झोपायला जागा, स्वयंपाकाची सोय व संडास असलेली होडी दुसरे घर धरली जाऊ लागली. उघड्या नाळेची होडी घ्यावी की पुढे लहानशी खोली असलेली, या निवडीत त्यामुळे हिशेबतपासनीसालाही मत आले. त्या खोलीत उभे राहता येत नसे आणि उन्हाळ्यात आत भट्टी होई. बहुतेक कुटुंबांत ती ओले टॉवेल टाकायच्या कामी आली.

इंजिनांचा तराजू नंतर पुन्हा उलटला. १९९६ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने आउटबोर्डच्या धुरावर मर्यादा घातल्या, आणि जपानी कंपन्यांकडे चार फेऱ्यांची इंजिने तयारच होती. होंडा तर १९६४ पासून ती विकत होती. धूर, आवाज आणि पेट्रोल या तिन्ही बाबतींत स्टर्नड्राइव्हची जुनी सरशी संपली. उलट २०१० पासून स्टर्नड्राइव्हलाच धूर शुद्ध करणारी महागडी यंत्रणा बसवणे भाग पडले. आज कुटुंबाच्या नव्या होडीत पुन्हा आउटबोर्डच जास्त दिसते, आणि तिच्यासमोर उभी असलेली दुसरी होडी व्हीची नसून पंटूनची असते. १९५२ च्या सुमारास मिनेसोटातल्या रिचमंडच्या ॲम्ब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने पिंपांच्या दोन रांगांवर लाकडी मंच ठोकून ती पहिल्यांदा पाण्यात सोडली. अनेक वर्षे म्हाताऱ्यांची होडी म्हणून तिची टिंगल झाली. आता तिला तिसरी नळी आणि दोन-तीनशे अश्वशक्ती मिळाली आहे. तिची रुंदीही आठ फूट सहा इंचच.

मे २०२० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या कारखान्यात एव्हिनरूड नावाच्या इंजिनांचे उत्पादन कायमचे बंद झाले. त्या वर्षी अमेरिकेत नोंदलेल्या होड्या सुमारे १ कोटी १८ लाख होत्या. तिथल्या होड्यांपैकी शंभरात पंचाण्णव २६ फुटांहून लहान, म्हणजे ट्रेलरवर चढणाऱ्या मापाच्या असतात.